कुंडीतले भाऊजी

मराठी मध्यमवर्गीय माणसाची देवदाराशी पहिली ओळख होते ती खोक्याच्या रूपाने. आमच्या घरातले पहिले पुस्तकांचे कपाट देवदारी होते. म्हणजे मुळात ते कुठल्याशा यंत्राच्या सुट्या भागांचे खोके होते आणि त्याच्या अंगावर ‘ही बाजू वर’ असे इंग्रजीत छापलेले होते. कपाट झाल्यावर ती बाजू खाली गेली. चपलांची मांडणी देवदारी, माळ्याची फळी देवदारी, गणपतीची आरास देवदारी. सुतार “सागवानात करू का देवदारात?” असे विचारी, तेव्हा तो खरे म्हणजे आमची ऐपत विचारत असे. त्या फळ्या बहुधा देवदाराच्या नसतच, साध्या पाइनच्या असत, हे मला फार उशिरा कळले.

दुसरी ओळख बायकांच्या खात्यातली. बाळंतिणीला देवदार्व्यादि काढा देतात, त्याची नुसती आठवण काढली तरी आमची ही अजून डोळे घट्ट मिटून घेते. तेव्हा एकीकडे खोके, दुसरीकडे काढा. या दोहोंच्या अलीकडे कुठेतरी एक झाड उभे असले पाहिजे, हा विचार वयाच्या पन्नाशीपर्यंत माझ्या डोक्यात आला नव्हता.

अण्णांना मात्र ते झाड ठाऊक होते. आमचे अण्णा १९५२ ते १९५५ अशी तीन वर्षे सिमल्याला एका सरकारी हिशेबखात्यात कारकून होते. ‘शिमला’ म्हटलेले त्यांना खपत नसे. “आम्ही होतो ते सिमला. शिमला तुमच्या ट्रॅव्हलवाल्यांचं,” असे म्हणत. पुढची तीस वर्षे त्यांनी पुण्यात नोकरी केली, पेन्शन पुण्यात घेतली, पण थंडीच्या बाबतीत त्यांनी पुण्याला कधी मान्यता दिली नाही. डिसेंबरात आम्ही कानटोप्या घालून बसलो, की अण्णा बिनबाह्यांच्या बंडीत येरझाऱ्या घालत आणि “याला थंडी म्हणतात होय?” असे विचारून सर्दी करून घेत.

आई लग्न होऊन प्रथम गेली ती सिमल्यालाच. एक खोली, एक शेगडी आणि खिडकीत एक देवदार, एवढा त्यांचा पहिला संसार. आई २००६ साली गेली. त्यानंतर अण्णा आईविषयी फारसे बोलत नसत. देवदाराविषयी मात्र बोलू लागले.

२०११ च्या दिवाळीत आम्ही हिमाचलला जायचे ठरवले तेव्हा अण्णा त्र्याऐंशीचे होते. “तुमच्यासाठी काय आणू?” म्हटले, तर म्हणाले, “देवदाराचं बी आण.” सफरचंदे, शाल, अक्रोड यातले काहीही मागितले असते तर मी बिनधास्त आणले असते. पण बी! तरी आणले. रस्त्याकडेच्या एका दुकानात ‘असली देवदार’ म्हणून हातात मावणार नाही एवढा लाकडी शंकू मिळाला. पन्नास रुपये. घरी येऊन मी तो अण्णांसमोर अशा काही ऐटीत ठेवला, की जणू हनुमान द्रोणागिरी घेऊन आला आहे.

अण्णांनी चष्मा लावला, शंकू फिरवून पाहिला, नखाने खरवडला आणि वास घेतला.

“गाढवा, हा चीड आहे. आणि याला वार्निश लावलंय.”

“दुकानदार म्हणाला की—”

“तो म्हणेल. देवदाराचं फळ अख्खं कधी मिळत नाही. पिकलं की झाडावरच उकलतं. खवले सुटतात, बी उडतं, खाली येतो तो नुसता शेंडा.”

मला हे थोडे काव्यमय वाटले. ते माझ्या चेहऱ्यावर दिसले असावे. कारण अण्णा उठले, आईच्या शिवणयंत्राशी गेले आणि त्याच्या खणातून बॉबिनी, खडू आणि हुकांच्या डबीमागून एक लाकडी फूल काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवले.

ते फूल मी जन्मापासून पाहत होतो. गुलाबासारखे, पाकळीवर पाकळी, तपकिरी. आई हळदीकुंकवाला तबकात ठेवी. ते सावंतवाडीचे आहे आणि त्याचा रंग उडाला आहे, अशी आम्हा सगळ्यांची पक्की समजूत होती. माझ्या बहिणीने लहानपणी एकदा त्याला लाल ऑइलपेंट द्यायला घेतला होता आणि त्याबद्दल आईने तिला दिलेली चापट आमच्या घराण्यात प्रसिद्ध आहे. ऑइलपेंटसाठी एवढी चापट का, हे तेव्हा कोणाला कळले नव्हते.

“हा देवदाराच्या फळाचा शेंडा,” अण्णा म्हणाले. “खिडकीखाली पडलेला.” आणि तो परत खणात ठेवून त्यांनी खण लावून घेतला.

मी वार्निशवाला शंकू टीव्हीवर ठेवला. अजून तिथेच आहे. धूळ छान धरतो.

त्यानंतर वर्षभर मी देवदाराच्या मागे होतो. नर्सरीवाल्याला विचारले तर त्याने एका दमात तीन झाडे देवदार म्हणून दाखवली आणि तिसऱ्याची किंमत निम्म्यावर आणली. ऑफिसातल्या एका बंगाली सहकाऱ्याने तर हसून उडवले. “दादा, आमच्या कोलकात्यात रस्तोरस्ती देवदारू आहेत! तुमच्या सोसायटीच्या गेटवर पण दोन आहेत!” मी जवळजवळ धावत घरी आलो. गेटवर आसुपालव उभे होते. आपण ज्याला खोटा अशोक म्हणतो त्याला बंगालीत देवदारू म्हणतात. म्हणजे ते बिचारे झाड इकडे खोटा अशोक, तिकडे खोटा देवदार. स्वतःचे असे त्याला काही कोणी ठेवलेलेच नाही.

शेवटी २०१२ च्या ऑक्टोबरात शेजारचा एक मुलगा ट्रेकला निघाला, त्याला अण्णांनी सरकारी मसुद्याच्या भाषेत लेखी सूचना दिल्या. फळ फांदीवर उभे असते, लोंबत नाही. आकार पिपासारखा. हिरवे घेऊ नये, तपकिरी होऊ लागलेले घ्यावे. पाने एकेकटी नसून झुबक्यांत असल्याची खात्री करावी. झुबक्यात तीनच लांब सुया असतील तर तो चीड, पुढे जावे. वार्निश तपासावे.

मुलाने बुटांच्या खोक्यातून दोन शंकू आणले. सुपात घालून उन्हात ठेवले, आणि आठव्या दिवशी सकाळी पाहतो तो शंकू नाहीत! सुपात नुसता खवल्यांचा ढीग, आणि त्यात पातळ पंखांचे बी. अण्णांनी त्या ढिगाकडे आणि मग माझ्याकडे असे काही पाहिले, की मी मुकाट्याने ‘चूक माझी’ म्हणून टाकले.

बियांचे पंख काढायला अण्णांना तीन दिवस लागले. वाटीत काढून ठेवलेल्या त्या बिया पाहून शेजारचे काका “अरे वा, चिलगोजे!” म्हणाले आणि दोन तोंडात टाकून मोकळे झाले. देवदाराच्या बीला राळेच्या बारीक पुटकुळ्या असतात. काकांच्या तोंडाला संध्याकाळपर्यंत टर्पेंटाइनचा वास येत होता. एरवी ते चहाला तासभर बसतात. त्या दिवशी लवकर गेले. अण्णांनी वहीत नोंद केली : ‘एकूण १४२. वजा काका २. बाकी १४०.’

त्या १४० रात्रभर पाण्यात टाकल्या. बुडतात त्या भरीव, तरंगतात त्या पोकळ. माणसांच्या बाबतीत नेमके उलट असते असे मी म्हटले, पण अण्णा मोजत होते. ४६ बुडाल्या.

आणि मग आले फ्रिजचे प्रकरण. देवदाराच्या बीला आधी हिवाळा भोगावा लागतो. ओलसर वाळूत घालून दोन-चार आठवडे गारठ्यात ठेवले म्हणजे त्याची झोप मोडते आणि सगळे बी बरोबरीने उगवते. पुण्यात हिवाळा मिळतो फक्त एका ठिकाणी, आणि तिथे हिचे राज्य. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ओली वाळू आणि बी घालून अण्णा स्वतः फ्रिजपाशी गेले.

“सूनबाई, तीन आठवडे जागा लागेल.”

माझ्या हिच्या फ्रिजमध्ये रिकामी जागा लग्नापासून मी पाहिलेली नाही. पण ती काही बोलली नाही. तिने लोण्याचे भांडे सरकवले, कोथिंबिरीची पिशवी वरती टांगली आणि डबा आत ठेवला. मग मला स्वयंपाकघरात बोलावून, जे अण्णांना सांगायचे होते ते मला सांगितले. पुढे आठ दिवसांनी माझ्या मुलाने रात्री अकरा वाजता श्रीखंड म्हणून त्यात चमचा घातला. त्यानंतर डब्यावर अण्णांच्या अक्षरात ‘श्रीखंड नाही’ अशी चिठ्ठी लागली. एवढे करून त्यांना ‘देवदार’ लिहायचे सुचले नाही.

डिसेंबरात बी कुंड्यांत पेरले. पालापाचोळ्याचे खत, माती आणि निम्मी वाळू. पाणी साचता कामा नये हे मुख्य. अठराव्या दिवशी पहाटे साडेपाचला अण्णांनी मला उठवले. घरात वडीलधारे माणूस असले म्हणजे पहाटेच्या हाकेने छातीत धस्स होते. मी तसाच धावलो. अण्णा बॅटरी घेऊन कुंडीवर वाकले होते.

“बघ, बघ. टोपी घालून आलाय.”

खरेच टोपी होती. काडीएवढा एक देठ आणि वर बियाचे साल, कानटोपीसारखे. दोन दिवसांनी टोपी पडली आणि आतून नऊ-दहा हिरव्या सुया गोलाकार उघडल्या, वाऱ्याने उलट्या झालेल्या छत्रीच्या काड्यांसारख्या. आपल्याकडे वालाला दोन दळे असतात. याला एकदम दहा! अण्णांनी प्रत्येक रोपाच्या सुया मोजून वहीत लिहिल्या. जानेवारीअखेर एकूण अकरा रोपे झाली.

मग ती मान टाकू लागली. सकाळी ताठ असलेले रोप संध्याकाळी मातीलगत बारीक होऊन आडवे. एक, मग दोन, मग एकदम तीन. ही रोपांची बुरशी, ओल फार झाली की होते, असे पुस्तकात सापडले. अण्णा म्हणाले, “पण मी तर रोज सकाळी सहाला थोडंसंच घालतो.” मी म्हणालो, “मीही आठला थोडंसंच घालतो.” हिने तुळशीचा तांब्या खाली ठेवला आणि ती काहीच म्हणाली नाही, त्यावरून तिसरे थोडेसे कुठे जात होते ते कळले. त्या दिवसापासून पाण्याचा अधिकार एकट्या अण्णांकडे गेला. पण तोवर तीनच उरली होती. त्यातले एक कामाच्या बाईंनी गवत म्हणून उपटले. त्यांनी फार मनापासून बाग साफ केली होती, त्यामुळे कोणालाच बोलता येईना. दुसरे मांजराने नेले. नेले म्हणजे त्यावर ते झोपले.

राहिले एक.

याच सुमारास आमच्याकडे येणाऱ्या एका निवृत्त संस्कृतच्या मास्तरांनी रघुवंश काढले. कालिदासाने दुसऱ्या सर्गात एक देवदार आणला आहे. शंकराने त्याला मुलगा मानलेले, पार्वतीने कार्तिकेयाइतक्याच मायेने त्याला वाढवलेले. एका रानहत्तीने अंग घासून त्याची साल काढली तेव्हा पार्वतीला फार दुःख झाले, आणि मग शंकराने त्याच्या राखणीला तिथे एक सिंह बसवून ठेवला. दिलीप राजाच्या गाईवर झडप घालतो तो हाच सिंह.

मास्तर गेल्यावर अण्णा बराच वेळ कुंडीकडे पाहत बसले. आमची ही मटार सोलता सोलता म्हणाली, “म्हणजे अण्णांनी मुलगा मानला, तर मला तो दीर झाला.”

तेव्हापासून झाडाचे नाव भाऊजी पडले. मला धाकटा भाऊ नव्हता, त्यामुळे हिला हक्काचा दीर नव्हता, आणि ती उणीव तिने दोन वर्षांत भरून काढली. “भाऊजींना ऊन लागतंय, आत घ्या.” “भाऊजींच्या अंगावर मावा आलाय.” दिवाळीत तिने कुंडीला उटण्याचे बोट लावले. फोनवर “हो, सासरे आणि भाऊजी दोघेही घरीच असतात” हे ऐकून तिची एक मैत्रीण हळहळली होती म्हणे.

एप्रिल-मे मात्र चेष्टेचे नव्हते. सिमला समुद्रसपाटीपासून दोन हजार दोनशे मीटरच्या आसपास. पुणे साडेपाचशेच्या थोडे वर. कुंडी गच्चीत नेऊन ठेवली तर आणखी दहा मीटर, एवढीच काय ती सवलत. अण्णांनी कुंडीला ओले गोणपाट गुंडाळले, मागच्या व्हरांड्यात वाळ्याचा पडदा लावला आणि त्यात पाणी मारत दुपारभर खुर्ची टाकून बसू लागले. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, वर चाळीस अंश. मी म्हटले, “अण्णा, झाडासाठी तुम्ही आजारी पडाल.” तर म्हणाले, “इथे गार आहे. तुम्हीच आत भाजताय.” खोटे नव्हते. त्या मे महिन्यात आमच्या घरातली सगळ्यांत गार जागा कुंडीशेजारची होती. पुढे पुढे हीही तिथेच भाजी निवडायला बसू लागली, आणि अण्णा तिला त्या एका खोलीच्या गोष्टी सांगू लागले. बर्फात नळ गोठला म्हणून आईने बर्फच पातेल्यात घालून चहा केला ही गोष्ट मला, त्यांच्या मुलाला, साठीला टेकल्यावर बायकोकडून कळली.

भाऊजींनी दोन उन्हाळे काढले. तिसऱ्या उन्हाळ्यात, २०१५ साली, ते वीतभरावरून हातभर झाले होते, पण सुया टोकाकडून पिवळ्या पडू लागल्या. शेंडा नाजूकपणे एका बाजूला वाकलेला. तो तसा वाकतोच, देवदाराची ती रीतच आहे. पण आता तो मान कलती केलेल्या माणसासारखा दिसू लागला. एका सकाळी अण्णा म्हणाले, “याला घरी पोचवून या.”

“घरी?”

“पोराला शिकायला बाहेर ठेवतात ना, तसं. जुलैत जा. पावसात लागेल.”

“तुम्ही चला.”

“माझ्या गुडघ्यांना विचार.”

झेलम एक्सप्रेसने आम्ही अंबाल्यापर्यंत गेलो. भाऊजी खिडकीशी. तिकीट तपासनिसाने “ये क्या है?” विचारले तेव्हा ही “देवर” म्हणाली, आणि तो इतका गडबडला की त्याने आमची तिकिटे दोनदा तपासली. कालक्याहून पुढे ती छोटी गाडी. १९०३ सालची, शंभरावर बोगदे. सोलनच्या अलीकडे-पलीकडे चीड संपत जातो आणि मग उतारावर ते दिसू लागतात. आडव्या फांद्या मजल्यामजल्याने पसरलेले, काळपट हिरवे, शंभर-शंभर फुटी. हातभर भाऊजी मांडीवर घेऊन आम्ही दोघे ते पाहत होतो. ही एकदम म्हणाली, “यांना घाबरतील हो ते.”

अण्णांनी काढून दिलेल्या नकाशाप्रमाणे खोलीची जागा शोधली. तिथे पाच मजली हॉटेल होते. खिडकीतला देवदार नव्हता. त्या जागी जनरेटर होता. हे अण्णांना सांगायचे की नाही, यावर आम्ही रस्त्यावर उभ्या उभ्या भांडलो. मग ज्या लहानशा घरगुती हॉटेलात उतरलो होतो तिथल्या मालकिणीला विचारले. घरामागे उतार होता, वरच्या अंगाला तीन मोठे देवदार. तिने माळ्याला बोलावले. माळ्याने कुंडी पाहिली, वरच्या झाडांकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले.

“बाबूजी, ये कहाँ से लाए?”

“पूना से.”

तो खाली बसून हसला. सिमल्याला पुण्याहून देवदार! लोक इथून रोपे नेतात, वाटेत मारतात, हे त्याला माहीत होते. कोणी पोचवायला आलेले त्याने पाहिले नव्हते. पण खड्डा मात्र त्याने नीट घेतला. कुंडी फोडली तेव्हा मुळे तळाशी गोल गोल फिरलेली निघाली, जागा शोधून शोधून थकल्यासारखी. त्याने ती बोटांनी हळूच मोकळी केली. हिने पदर डोळ्यांना लावला आणि पाऊस लागतोय म्हणाली. पाऊस होताच.

फोन लावला. “पोचवला,” मी म्हटले.

“खिडकीतून दिसतो का?”

मी हिच्याकडे पाहिले. तिने फोन घेतला. “दिसतो हो अण्णा,” ती म्हणाली. हे खरे होते. आमच्या खोलीच्या खिडकीतून तो दिसत होता.

निघायच्या सकाळी वरच्या मोठ्या झाडाखाली मला गेल्या वर्षीचा एक शेंडा सापडला, लाकडी गुलाबासारखा, एक पाकळी तुटलेली. तो आणून मी अण्णांना दिला. मालकीणबाई दर वर्षी फोटो पाठवतात. २०१८ साली अण्णा गेले तोवर भाऊजी हिच्या खांद्याला लागले होते, आणि आता मान वर करून पाहावे लागते. पण हे नंतरचे. त्या दिवशी अण्णांनी शेंडा हातात फिरवून पाहिला, नखाने खरवडला आणि वास घेतला. मग शिवणयंत्राचा खण उघडून तो पहिल्याच्या शेजारी ठेवला, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन विचारले,

“सूनबाई, ऑक्टोबरात फ्रिजमध्ये जागा होईल का?”